मिठीच्या गाळाचे वजन कळते. त्यातील विषाचेही कळावे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा जवळ आला की मिठी नदीतून आणि मुंबईतील मोठ्या नाल्यांतून किती मेट्रिक टन गाळ निघाला, किती टक्के काम पूर्ण झाले, याचे आकडे आपल्या वृत्तपत्रात नियमाने येतात. त्यांचे महत्त्व मी जाणतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा गाळाने आणि अतिक्रमणांनी आक्रसलेल्या मिठीने कुर्ला, कालिना परिसराची काय अवस्था केली, हे आम्ही रहिवासी विसरलेलो नाही. तथापि हा गाळ नुसती माती नाही. त्यात काय साचले आहे, याविषयी सामान्य नागरिकाला काहीच सांगितले जात नाही, म्हणून हे पत्र.

कोळसा, लाकूड, डिझेल, टायर किंवा कचरा अर्धवट जळला की धुराबरोबर पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजेच ‘पीएएच’, या वर्गातील संयुगे बाहेर पडतात. बेंझिनसारखी षट्कोनी वलये एकमेकांना जोडून ती बनलेली असतात. डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीन हे त्यांतील दोन वलयांचे सर्वांत साधे संयुग, तर पाच वलयांचे बेंझो-ए-पायरीन हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणारे म्हणून पहिल्या गटात घातलेले आहे. शरीर हे संयुग बाहेर टाकण्यासाठी त्याच्यावर प्रक्रिया करू लागते आणि त्या प्रक्रियेतच तयार होणारा एक पदार्थ पेशीतील डीएनएला जाऊन चिकटतो. हे ज्ञान नवे नाही. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी असल्याचे पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्येच दाखवून दिले होते, आणि कोळशाच्या डांबरातून बेंझो-ए-पायरीन १९३३ मध्ये वेगळे काढण्यात आले.

या संयुगांचा हवेतून गाळापर्यंतचा प्रवास समजून घेणे आवश्यक आहे. काजळीच्या कणांवर बसून ती हवेत फिरतात, छपरांवर आणि रस्त्यांवर उतरतात, पहिल्या पावसात गटारात आणि तेथून नाल्यात जातात. पाण्यात ती फारशी विरघळत नाहीत, त्यामुळे गाळातील सेंद्रिय कणांना धरून तळाशी बसतात, आणि तेथे प्राणवायू नसल्याने जिवाणूंकडून त्यांचे विघटन अतिशय सावकाश होते. मिठीच्या काठाने गॅरेज आहेत, भंगाराची गोदामे आहेत, तेलाची पिंपे धुण्याचे व्यवसाय आहेत. वाहनांतून काढलेल्या जळक्या ऑइलमध्येही हीच संयुगे असतात. नदीचे पाणी तपासताना प्रामुख्याने विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू), सामू (पाण्याची आम्लता) आणि मैल्याची खूण असणारे कोलिफॉर्म जिवाणू पाहिले जातात. ही तपासणी गरजेचीच आहे, पण जे विष पाण्यात नसून तळाशी आहे ते तिच्यात सापडणार नाही.

माशांवर याचे परिणाम काय होतात, याचा एक नीट अभ्यासलेला दाखला अमेरिकेतील ओहायो राज्यातील ब्लॅक नदीचा आहे. तेथे पोलाद कारखान्याच्या, कोळसा भाजून कोक बनवणाऱ्या भट्ट्यांमुळे गाळात पीएएचचे प्रमाण प्रचंड वाढले होते आणि तळाशी राहणाऱ्या कॅटफिश जातीच्या माशांच्या यकृतात गाठी आढळत होत्या. १९८३ मध्ये भट्ट्या बंद झाल्यावर गाळातील पीएएच आणि माशांतील गाठी दोन्ही घटले. पुढे दूषित गाळ उपसला गेला तेव्हा मात्र तळ ढवळला जाऊन काही काळ गाठी पुन्हा वाढल्या, आणि त्यानंतरच त्या ओसरल्या. याचा अर्थ गाळ काढू नये असा नाही. तो कसा काढावा आणि कोठे ठेवावा, याचा आधी विचार हवा. आपल्याकडे तो पाणी निथळावे म्हणून काठावरच टाकला जातो, उन्हाने वाळतो, येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांनी त्याची धूळ उडते, आणि शेजारच्या वस्तीतील मुले तेथेच खेळतात. गाळात उतरणाऱ्या कामगारांच्या हातात मोजे नसतात, हे पाहून तर फार वाईट वाटते. माहीमच्या खाडीच्या तोंडापर्यंत पोहोचणाऱ्या गाळाचा प्रश्न कोळी बांधवांच्या ताटाशीही जोडलेला आहे, कारण माशांच्या शरीरात ही संयुगे बऱ्याच अंशी मोडली जातात, पण कालवे आणि तिसऱ्या या शिंपल्यांतील जीवांना ते तितकेसे जमत नाही आणि त्यांच्या मांसात ती साठत जातात.

हवेच्या बाबतीत आपल्याकडे मानक तरी आहे. नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार बेंझो-ए-पायरीनची वार्षिक सरासरी घनमीटरमागे १ नॅनोग्रॅम आणि बेंझिनची ५ मायक्रोग्रॅम यांच्या आत असली पाहिजे. पण रोज मोबाइलवर दिसणारा हवा गुणवत्ता निर्देशांक ज्या आठ प्रदूषकांवरून काढतात, त्यांत ही दोन्ही नाहीत. हवा ‘समाधानकारक’ आहे असे वाचून निर्धास्त होणाऱ्या माणसाला या संयुगांबद्दल त्यातून काहीही कळत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली. तरीही नाल्याकाठी तारांवरील आवरण आणि टायर जळताना दिसतात.

महापालिकेकडे माझी मागणी अशी की, पुढील नालेसफाईपूर्वी मिठीच्या पवई ते माहीम या पट्ट्यातील ठराविक ठिकाणांहून गाळाचे नमुने घेऊन जगभर वापरल्या जाणाऱ्या १६ पीएएच संयुगांच्या यादीनुसार त्यांची तपासणी करावी. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही, आयआयटी आणि नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे विभागीय केंद्र मुंबईतच आहेत. निष्कर्ष गाळाच्या वजनाच्या आकड्यांसोबतच जाहीर करावेत, जेथे प्रमाण अधिक आढळेल तेथील गाळ काठावर न वाळवता बंद वाहनातून न्यावा, आणि कामगारांना हातमोजे, बूट व मुखपट्टी पुरवण्याची अट कंत्राटातच घालावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेही बेंझो-ए-पायरीनच्या मोजणीचे आकडे निर्देशांकाच्या शेजारी, मराठीत आणि दर महिन्याला प्रसिद्ध करावेत.

आपला विश्वासू,
एक वाचक, कुर्ला (पश्चिम), मुंबई