‘मेंटेनन्स-फ्री’ ब्रीदर किटमुळे झालेल्या नुकसानीबाबत तक्रार

दि. १४ नोव्हेंबर

प्रति,
ग्राहक सेवा विभाग आणि तांत्रिक विभाग

विषय : जुन्या टर्बो डिझेल ट्रकसाठी आपण विकलेला ब्रीदर ऑइल सेपरेटर चोंदल्याने इंजिनाचे झालेले नुकसान व भरपाईची मागणी.

महोदय,

माझी गाडी २०११ ची, बीएस-थ्री (तेव्हाच्या प्रदूषण नियमांची), टर्बो-इंटरकूलरवाली सहाचाकी. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, आणि इंटरकूलर ती हवा थंड करतो. उन्हाळ्यात देवगड हापूसच्या पेट्या, ऑगस्टपासून बर्फातली मासळी, आणि मधल्या दिवसांत चिरे. गाडी माझीच आणि चालवतोही मीच. आपल्या कंपनीचा ब्रीदर सेपरेटर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गॅसमधलं तेल अडवणारा डबा, मी मे महिन्यात, आंबा उतरत आला तेव्हा, कोल्हापुरातल्या आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतला आणि त्यांच्याच फिटरकडून बसवून घेतला. बिलाची झेरॉक्स सोबत आहे. गाडीचा नंबर त्यावरच आहे.

घेण्याचं कारण साधं होतं. या मॉडेलचा ब्रीदर पाइप टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) निघून चासीखाली उघडा सुटतो. पिस्टनच्या रिंगांमधून जो गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, निसटतो, तो तेलाचे बारीक कण घेऊन या पाइपातून बाहेर पडतो. टर्बो गाडीत हा गॅस जास्तच, कारण सिलिंडरातलं प्रेशर जास्त, आणि टर्बोच्या शाफ्टकडूनही थोडी हवा तेलाच्या परतीच्या पाइपातून खाली येते. मग गिअरबॉक्सच्या बॉडीवर तेलाचा थर बसतो, त्यावर चिरेखाणीची तांबडी माती बसते, आणि गाडी जिथे उभी करावी तिथे खाली डाग. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी आरटीओचं पासिंग. खाली तेल दिसलं की साहेब बोलणारच. आपल्या जाहिरातीत ‘जुन्या टर्बो डिझेलसाठी खास’ आणि ‘आयुष्यभर मेंटेनन्स-फ्री’ असे दोन दावे ठळक छापलेले होते. माझी तक्रार या दुसऱ्या दाव्याबद्दल आहे.

पावसाळ्यात मासेमारी बंद, त्यामुळे जून-जुलैमध्ये गाडी गावातल्या गावात फिरते. सिमेंट, रेशन, कुणाची कौलं. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या रात्रीच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि पहिल्यांदा डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, आपोआप वर सरकलेली दिसली. दाबून बसवली की सकाळी पुन्हा दोन बोटं वर. नंतर टॅपेट कव्हरच्या कडेने तेल पाझरू लागलं. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा होज आतून तेलाने ओला आणि बाहेरून फुगून मऊ पडलेला. फोंडा घाट उतरून पुन्हा अॅक्सिलरेटर दिला की मागे निळा धूर. आणि शेवटी भरल्या गाडीत, दाजीपूरच्या अलीकडच्या चढावर, क्लच घसरायला लागला. इंजिनाचा आवाज चढतोय आणि गाडी जागची हलत नाही, मागे बर्फातली मासळी. क्रँकचं मागचं ऑइल सील गळून तेल क्लच प्लेटवर गेलं होतं.

आपल्या विक्रेत्याने गाडी न बघता फोनवरच निदान केलं : “बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा गेल्या, टर्बो गेला. इंजिन उघडा.”

आमच्या मिस्त्रींनी इंजिन उघडलं नाही. त्यांनी गवंड्याची पाण्याची लेव्हल, म्हणजे ती पारदर्शक नळी, मागवली. ती ‘यू’सारखी वाकवून अर्धी पाण्याने भरली, एक टोक डिपस्टिकच्या भोकाला रबराने घट्ट बसवलं आणि गरम इंजिनाला अॅक्सिलरेटर द्यायला लावलं. पाणी एका बाजूला वीतभर चढलं. मग आपल्या डब्याचा इनलेट होज काढून तसंच पुन्हा केलं, तेव्हा पाणी बोटभरही हललं नाही. मिस्त्री एवढंच म्हणाले, “इंजिनाक भायर सोडूक वाटच नाय, म्हणान ता गावात थयसून थुकता.” म्हणजे मिळेल तिथून तेल बाहेर टाकतं. मग त्यांनी चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजलं. आकडे एकमेकांच्या जवळ आहेत, कागद सोबत जोडला आहे. रिंगा गेल्या असत्या तर डबा काढल्यावरही पाणी चढलं असतं.

डबा उघडला तेव्हा आतला फिल्टर एलिमेंट दुधाळ तपकिरी लोण्याने गच्च भरलेला होता. बोटाने काढलं तर चिकट, आणि पिळलं तर पाणी सुटत होतं. याचं कारण आपल्या तांत्रिक विभागाला मी सांगायला नको, पण विक्रेत्याला ते माहीत नव्हतं म्हणून लिहितो. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन तयार होतं. त्यातला काही भाग रिंगांवाटे क्रँककेसमध्ये येतो. इंजिन नीट तापलं तर ती वाफ बाहेर निघून जाते. छोट्या फेऱ्या आणि कोकणातली पावसाळी हवा असली की ती थंड डब्यात पाणी होते आणि तेलात घुसळली जाते. तेल अडवणारा कोणताही एलिमेंट कधीतरी भरणारच. तो बदलावा लागतो किंवा निदान साफ करावा लागतो. आपल्या डब्याला तर एलिमेंट चोंदला तर गॅस बाजूने सोडणारा बायपास व्हॉल्व्हही नाही.

डब्यात साठलेलं तेल चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीला, परत नेणाऱ्या ड्रेन पाइपची गत आणखी वेगळी. आपल्या फिटरने तो सरळ उतारावर न नेता स्टार्टरखालून फिरवला, त्यामुळे मधे झोळ पडला आणि झोळात पाणी साचलं. त्यावरचा नॉन-रिटर्न (एकाच दिशेने सोडणारा) व्हॉल्व्ह त्याच लोण्याने चिकटून बंद. डब्यात वरून येत राहिलं आणि खालून जायला वाट नाही.

टर्बोबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण विक्रेत्याने नवा टर्बो माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला. टर्बोच्या शाफ्टला क्रँकसारखं रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारख्या बारीक लोखंडी रिंगा असतात, आणि तेल आत राहतं ते मुख्यतः दोन्हीकडच्या दाबाच्या फरकामुळे. बेअरिंगला वंगण देऊन झालेलं तेल जाड पाइपातून केवळ स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये पडतं. क्रँककेसमध्ये दाब साठला की ते पडत नाही, टर्बोच्या पोटात तुंबतं आणि दोन्ही बाजूंना सुटतं. पाट बुजला की पाणी बांध फोडून भलत्याच कुणग्यात, म्हणजे खाचरात, शिरतं, तसं. मिस्त्रींनी शाफ्ट हलवून पाहिला, खेळ नाही. डबा काढून जुना उघडा पाइप जोडला, इंटरकूलर आणि होज धुतले, आणि निळा धूर बंद झाला. टर्बो तोच आहे.

आपल्या कार्यालयाचं लेखी उत्तर आलं की ‘वाहन जुने असल्याने ब्लो-बाय अपेक्षेपेक्षा जास्त आहे, सबब दावा अमान्य’. ब्लो-बाय म्हणजे रिंगांमधून निसटणारा तोच गॅस. हे वाचून मला हसू आलं. जुन्या गाड्यांसाठी खास म्हणून वस्तू विकायची आणि तक्रार आली की गाडी जुनी आहे म्हणायचं! नव्या गाडीला हा डबा लागतच नाही, तिला कंपनीचाच असतो.

माहितीपत्रकाबद्दल दोन गोष्टी. त्यात लिहिलंय की हा डबा ‘इंजिनाच्या व्हॅक्यूमवर’ स्वतःला साफ ठेवतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमागे ओढ असते, माझ्या या डिझेलला तसला थ्रॉटलच नाही. टर्बोच्या आधीच्या हवेच्या पाइपात ओढ असते ती जेमतेम, आणि टर्बोनंतर ओढ नाही, उलट बूस्टचा दाब. म्हणजे चित्र आणि मजकूर दुसऱ्याच कुठल्या गाडीवरून उचललेला दिसतो. दुसरी गोष्ट गंभीर आहे. डब्याचा आउटलेट आपण टर्बोच्या आधी जोडता. भरलेल्या डब्यातलं तेल घाटाच्या उतारावर एकदम टर्बोत ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळत सुटतं, किल्ली बंद करूनही थांबत नाही, हवा बंद केली तरच थांबतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. पण घाटात रोज गाड्या चालवणाऱ्यांना विकलेल्या वस्तूच्या पत्रकात याचा एक शब्दही नाही, आणि डबा तपासा किंवा रिकामा करा असंही कुठे नाही. तपासणार तरी कोण, मेंटेनन्स-फ्री ना!

माझी मागणी अशी. किट व फिटिंगचे ७,४०० रुपये परत मिळावेत. क्रँकचं सील, क्लच प्लेट, होज आणि गॅसकेट मिळून आलेलं १८,६५० रुपयांचं बिल आपण भरावं. नासलेल्या मासळीचे पैसे मी मागत नाही. त्याची पावती कोण देणार? पण ‘मेंटेनन्स-फ्री’ हे शब्द डब्यावरून आणि जाहिरातीतून काढा, एलिमेंट कधी बदलायचा व पावसाळ्यात कधी तपासायचा ते मराठीत छापा, आणि हे किट घेतलेल्या किनारपट्टीवरच्या ग्राहकांना तसं कळवा. आमच्या बंदरावरच दुसऱ्या एका गाडीला हाच डबा लागलेला मी पाहिला आहे. मालकाला मी सांगितलंय, पण हे काम माझं नाही.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास सिंधुदुर्गच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. ट्रक ‘व्यापारी कारणासाठी’ आहे असा मुद्दा आपले वकील काढतील, म्हणून आधीच सांगतो : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वतःच्या रोजीरोटीसाठी, स्वतः वापरायला घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारणा’तून वगळली आहे. अपुऱ्या सूचना आणि इशाऱ्याअभावी झालेल्या हानीची जबाबदारीही त्याच कायद्यात उत्पादकावर आहे. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते, तेव्हा आपल्यालाच ओरोसपर्यंत यावं लागेल.

काढलेला डबा एलिमेंटसकट प्लास्टिकमध्ये बांधून ठेवला आहे, धुतलेला नाही. आपल्या इंजिनिअरला पाहायचा असेल तर पाठवा. डबा इथेच पाहायला मिळेल, कुरिअरने पाठवणार नाही.

आपला,
एक ट्रकमालक-चालक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग

सोबत : किटचे बिल, दुरुस्तीची बिले, कॉम्प्रेशनचा कागद, डबा व पाण्याच्या नळीचे फोटो, आपल्या उत्तराची प्रत.