मोडचं बटण ड्रायव्हरलाही समजावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात ब्रीच कँडीच्या एका बाईंचं पत्र वाचलं. रात्री साडेअकरानंतर कोस्टल रोडवरून गाड्या बोंबलत जातात आणि त्यांच्या आजारी वडिलांची झोपमोड होते, ही त्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण शेवटी त्यांनी लिहिलंय की, या गाड्यांमधलं ‘स्पोर्ट मोड’चं, म्हणजे गाडी जोशात चालण्याची पद्धत निवडायचं, बटणच सरकारने काढायला लावावं, कारण त्याने वेग दुप्पट होतो. इथे मला राहवलं नाही. ते बटण रोज माझ्या डाव्या हाताशी असतं, आणि त्याने वेग दुप्पट होत नाही. काय होतं, ते मलाही आठ दिवस माहीत नव्हतं. हे पत्र त्यासाठीच.

मी बेस्टमध्ये सत्तावीस वर्षं बस चालवली, त्यातली नऊ वर्षं डबलडेकर. (आमच्या जुन्या डिझेल डबलडेकरची शेवटची फेरी सप्टेंबर २०२३ मध्ये झाली, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो.) निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून वाळकेश्वरच्या एका शेठकडे ड्रायव्हर लागलो. आधी साधी सेडान होती. दोन वर्षांपूर्वी छोट्या शेठच्या हौसेखातर जर्मन गाडी आली. सहा सिलिंडर, तीन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, पावणेचारशेच्या आसपास हॉर्सपॉवर. आमच्या डबलडेकरला याच्या निम्मीही नव्हती, आणि ती पाऊणशे माणसं ओढायची.

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी शोरूममध्ये लाल कापड, केक, फोटो, सगळं झालं. तिथल्या मुलाने शेठना आणि छोट्या शेठना गाडीत बसवून चाळीस मिनिटं इंग्रजीत समजावलं. मी बाहेर नारळ घेऊन उभा. निघताना मी त्याला विचारलं, “साहेब, हे बटण कशाचं?” तो म्हणाला, “काका, ते स्पोर्टचं. तुम्ही कम्फर्टमध्येच ठेवा, हात लावू नका.” झालं माझं शिक्षण.

आठव्या दिवशी रात्री छोटे शेठ फिरून आले, गाडी पोर्चमध्ये चालूच ठेवून उतरले आणि म्हणाले, “काका, वर लावा.” आमचं पार्किंग पहिल्या मजल्यावर. चढ संपला की लगेच समोर खांब, तिथून डावीकडे वळायचं. रोज जेवढा पाय द्यायचो तेवढाच दिला, आणि गाडीने वर उडीच घेतली. मी ब्रेकवर उभा राहिलो. बंपर आणि खांब यांच्यात चार बोटं अंतर राहिलं. वॉचमन धावत आला आणि हळूच म्हणाला, “काका, घेतलीय का?” मी माळकरी माणूस! त्या रात्री जेवण गेलं नाही.

नंतर कळलं, गाडी ‘स्पोर्ट प्लस’मध्ये, म्हणजे स्पोर्टच्याही वरच्या मोडमध्ये होती. आमची गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की आपोआप कम्फर्टवर येते. पण त्या रात्री ती बंदच झाली नव्हती. ज्याने मोड लावला तो उतरून गेला, आणि ज्याच्या पायाखाली गाडी आली त्याला मोड म्हणजे काय हेच माहीत नाही. किल्ली हातात घेणाऱ्या हॉटेलच्या पोरांचंही रोज हेच होत असणार.

मग गाडीचं पुस्तक घरी आणलं. मोठं जाडजूड, सगळं इंग्रजीत. माझी मुलगी बँकेत आहे. चार रविवार ती वाचून सांगत गेली आणि मी वहीत उतरवत गेलो. त्यातलं थोडं इथे देतो.

पहिली गोष्ट पायाची. जुन्या बसमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की दांडी थेट डिझेल पंपाला ओढायची. पाय जेवढा, तेवढं डिझेल. मधे कोणी नाही. आताच्या गाडीत पेडलखाली फक्त एक सेन्सर असतो. पाय किती दाबला हे तो कॉम्प्युटरला कळवतो, आणि इंजिनला किती द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. मोड म्हणजे या मधल्या माणसाला दिलेली सूचना. पेट्रोल वाचवणाऱ्या इको मोडमध्ये तो अर्धा पाय पाव समजतो, स्पोर्टमध्ये अर्धा पाय पाऊण समजतो. पेडल तळाला टेकवलं तर कम्फर्टमध्येही तेवढीच ताकद मिळते आणि स्पोर्टमध्येही तेवढीच. माझ्या चढावर हेच झालं. गाडीची ताकद वाढली नव्हती, माझा पाय तिला मोठा ऐकू गेला.

याला अपवाद आहेत, नाही असं नाही. ड्रायव्हरच्या खोलीत छोट्या शेठची गाड्यांची जुनी मासिकं पडलेली असतात, त्यात पाहिलं. २००५ च्या सुमाराची बीएमडब्ल्यूची एम-५, दहा सिलिंडरची. ती सुरू केली की ४०० हॉर्सपॉवरवर चालायची आणि बटण दाबलं की ५०७ मिळायची. फेरारीने २००४ मध्ये एफ-४३० गाडीच्या स्टिअरिंगवरच फिरवायची खुंटी बसवली, तिला ते ‘मानेत्तिनो’ म्हणतात. पण आपल्या रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांत मोडने इंजिन मोठं होत नाही.

दुसरी गोष्ट गिअरची. इथे मी जरा रेंगाळतो, कारण या बाबतीत बटणाने मला जिंकलं. कम्फर्टमध्ये आमचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक लवकर लवकर वरचे गिअर टाकतो, इंजिन शांत राहतं आणि पेट्रोल वाचतं. स्पोर्टमध्ये तो खालचा गिअर धरून ठेवतो, आणि पाय काढला तरी पटकन सोडत नाही. पेडर रोडच्या गर्दीत हे निव्वळ पेट्रोल जाळणं आहे. पण आम्हा जुन्या ड्रायव्हरांचा एक नियम आहे: घाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. आता शेठना लोणावळ्याहून आणताना खंडाळ्याचा उतार लागला की मी गिअर स्पोर्टवर टाकतो. गाडी इंजिनावर रोखलेली राहते, सारखा ब्रेक दाबावा लागत नाही आणि तो तापतही नाही. छोट्या शेठना वाटलं, काकांना म्हातारपणी शौक चढला. मी त्यांना म्हटलं, ब्रेक पॅडचं बिल बघा, मग बोला.

तिसरी गोष्ट सस्पेन्शनची. शॉक ॲब्सॉर्बरमधल्या तेलाची वाट विजेच्या व्हॉल्व्हने लहान-मोठी होते, तसं ते कडक किंवा मऊ होतं. सगळ्यांची समजूत अशी की कडक केलं की गाडी रस्त्याला चिकटते. गुळगुळीत ट्रॅकवर चिकटत असेल. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक, काँक्रीटचे जोड, मॅनहोलची वर आलेली झाकणं. अशा रस्त्यावर कडक गाडीचं चाक उड्या मारतं, आणि हवेत असलेलं चाक ना वळवू शकत ना थांबवू शकत. खराब रस्त्यावर मऊ गाडीच जास्त धरून चालते. एकदा ते स्पोर्टवरच राहून गेलं होतं आणि शेठच्या आईंना देवळात नेत होतो. बाबुलनाथला पोचेपर्यंत बा काही बोलल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, “भाऊ, आज गाडीचा काय गुन्हा झाला की तिच्या अंगात खडे भरले?”

स्टिअरिंगचं थोडक्यात सांगतो. स्पोर्टमध्ये ते हाताला जड लागतं, कारण मदत करणारी मोटर जरा हात आखडता घेते. जड म्हणजे अचूक नव्हे.

पावसाचं मात्र जोर देऊन लिहितो. गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून आणि इंजिनची ताकद कापून तिला सरळ ठेवणारी एक यंत्रणा असते. आमच्या गाडीत स्पोर्ट प्लस लावला की ती ढिली पडते, थोडं घसरू देते. मोकळ्या ट्रॅकवर ती मजा असेल. जूनच्या पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा हाजी अलीच्या वळणदार रॅम्पवर मजा नसते. आमची गाडी मागच्या चाकांवर चालते. तिथे वळताना स्पोर्ट प्लसमध्ये जरा जास्त पाय पडला तर गाडीची पाठ पुढे यायला निघते. कोस्टल रोडवर सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० ची मर्यादा उगाच घातलेली नाही. ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, म्हणजे एकामागे एक लावलेल्या दोन डबलडेकरांहून जास्त. ब्रेकची ताकद आणि टायरची पकड कुठल्याही बटणाने वाढत नाही.

आता आवाज, म्हणजे त्या बाईंचा मूळ प्रश्न. सायलेन्सरच्या नळीत एक झडप असते. स्पोर्टमध्ये ती उघडते आणि इंजिनचा आवाज थेट बाहेर येतो. पाय सोडल्यावर जे फटाके वाजतात, ते बहुतेक गाड्यांत मुद्दाम वाजवलेले असतात: थोडं पेट्रोल उशिरा पेटवून नळीत जाळायचं. त्याने वेगाला कणभरही मदत होत नाही. प्रियदर्शिनी पार्कपासून मरीन ड्राइव्हकडे जाणारा बोगदा दोन किलोमीटरहून थोडा जास्त आहे. त्यात शिरल्यावर पोरं मुद्दाम गिअर खाली आणतात, आवाज घुमावा म्हणून. काही कंपन्या तर आतल्या स्पीकरमधूनही इंजिनचा आवाज वाजवतात. तेवढ्यावर भागवलं असतं तर बाईंचे वडील झोपले असते!

आणि ही झडप पुष्कळ गाड्यांत वेगळी बंद करता येते. ‘इंडिव्हिज्युअल’ नावाचा मोड त्यासाठीच असतो. इंजिन स्पोर्टवर, सस्पेन्शन कम्फर्टवर, सायलेन्सर शांत, असं आपल्याला हवं ते जुळवून ठेवायचं. म्हणजे रात्री बारा वाजता जो आवाज करतो तो गाडीचा नाइलाज म्हणून करत नाही. त्यामुळे बटण काढा म्हणण्यापेक्षा, वेगाच्या कॅमेऱ्यांसारखी आवाजासाठीही रात्री तपासणी करा, अशी मागणी बाईंनी करावी. मी सही करीन.

माझी मागणी शोरूमवाल्यांकडे आहे. गाडी देताना ड्रायव्हरला आत बोलवा. अर्धा तास मराठीत किंवा हिंदीत सांगा, आणि एखाद्या मोकळ्या आवारात प्रत्येक मोडमध्ये त्याच्या पायाखाली गाडी देऊन बघा. वाचून कळत नाही, पायाला कळावं लागतं. बेस्टमध्ये नवीन बनावटीची बस डेपोत आली की आम्हाला ती शिकवल्याशिवाय रूटवर सोडत नसत. इथे कितीतरी पट महाग गाडी, आणि ती रोज चालवणारा माणूस नारळ धरून बाहेर!

ता. क. आमच्या गाडीत इंडिव्हिज्युअल मोड मीच लावून दिलाय, सायलेन्सर शांत ठेवून. छोट्या शेठना मी सांगितलंय की घाटासाठी आणि कोस्टल रोडसाठी हाच मोड. गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, “काका, हल्ली आवाज कमी येतो का?” मी म्हटलं, “सर्व्हिसिंगला गेली की दाखवू.” सर्व्हिसिंगला अजून चार हजार किलोमीटर आहेत. म्हणून कृपया माझं नाव छापू नये. शेठकडे आपला पेपर येत नाही, पण वॉचमन वाचतो.

आपला,
बेस्टचा एक निवृत्त ड्रायव्हर, करी रोड, मुंबई