हरिश्चंद्रगडावर मुक्काम हवा, पण लेण्यात चूल नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हरिश्चंद्रगडावर रात्री राहायलाच बंदी घाला, असं हल्ली बरेच जण बोलतात. मला ते पटत नाही. तरीही गेल्या महिन्यात तिथे काढलेली रात्र मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

पहिल्यांदा मी गडावर गेले १९८७ साली, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून. या वेळी पुतणीला घेऊन पाचनईच्या वाटेने चढले. गुडघ्यांमुळे अडीच तासांच्या वाटेला चार तास लागले. मंदिराचं शिखर दिसलं तेव्हा दिवेलागण झाली होती.

शनिवार होता. कोकणकड्यावर तंबूंची रांग आणि दोन ठिकाणी स्पीकर. ते रात्री दोनपर्यंत चालू होते. पण आवाज सकाळी निघून जातो. त्याहून वाईट पाहिलं ते लेण्यात. कोपऱ्यात तीन दगडांची चूल, अर्धवट जळलेली लाकडं, बाजूला मॅगीची पाकिटं. भिंतीवर बोट फिरवलं तर ते काळं झालं, आणि काजळीखाली छिन्नीचे घाव हाताला लागले. सांगायला हवं की १९८७ मध्ये आम्हीही लेण्यात अशीच चूल मांडून खिचडी केली होती. त्या काजळीत आमचाही धूर आहे. तेव्हा कुणी अडवलं नाही, आणि आम्हालाही कळलं नाही.

सकाळी केदारेश्वराच्या गुहेत गेलो. पिंडीभोवती कमरेएवढं बर्फासारखं पाणी. चार खांबांपैकी एकच उभा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या एका खांबाला कवटाळून तीन मुलं फोटो काढत होती. मंदिराजवळच्या टाक्यावर एक जण खरकटी ताटं थेट आत बुडवून धूत होता. पिठलं-भाकरीची झोपडी चालवणाऱ्या मावशी धावत आल्या. म्हणाल्या, "दादा, याच पाण्यानं मी तुमचं पीठ मळलं ना सकाळी!" त्याने ताट बाहेर काढलं, पण तेलाचा तवंग पाण्यावर तसाच राहिला.

मग बंदी का नको? एक म्हणजे या मावशींसारख्या पाचनईच्या कितीतरी घरांची चूल मुक्कामी माणसांवर पेटते. दुसरं म्हणजे या गडाचं खरं रूप पहाटेच कळतं. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने कोकणकड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, पाहिलं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुकं असेल तरच ते दिसतं. म्हणजे सकाळी लवकर कड्यावर हवं, आणि त्यासाठी रात्र गडावरच काढायला हवी. मला ते अजून दिसलेलं नाही. पुतणीला तरी दिसावं.

गड अभयारण्यात आहे आणि पायथ्याशी आमच्याकडून पैसे घेऊन पावती दिली गेली. पण पावती देणाऱ्याने पाठीवरच्या पिशवीत काय आहे ते विचारलं नाही. स्पीकर तिथेच ठेवून घ्यावेत आणि उतरताना परत द्यावेत. लेण्यात आणि मंदिराच्या आवारात चूल, स्टोव्ह, शेकोटी काहीही पेटवू देऊ नये. जेवण झोपड्यांमध्येच घ्यावं, ते गरम आणि चांगलं असतं. टाक्याशेजारी एक बादली आणि तांब्या बांधून ठेवला तरी ताटं आत बुडायची थांबतील. शनिवारच्या रात्री लक्ष ठेवायला गावातलीच दोन-तीन मुलं पगार देऊन नेमावीत. वाट, पाणी, कडा त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

पावसाळा संपला की पुन्हा गर्दी सुरू होईल. त्याआधी निदान बादली-तांब्याचं तरी व्हावं. त्याचा खर्च मी द्यायला तयार आहे.

आपली,
एक जुनी वाचक, संगमनेर