सूचना : सर गंगाराम पुण्यतिथीनिमित्त चर्चासभा

मंडळाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, स्थापत्य अभियंते सर गंगाराम यांच्या पुण्यतिथीनिमित्त १० जुलै रोजी सायंकाळी ६ वाजता मंडळाच्या सभागृहात चर्चासभा होईल.

रुरकीत शिकलेल्या या अभियंत्याने लाहोरचे मुख्य टपाल कार्यालय आणि संग्रहालय उभे केले, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु निवृत्तीनंतर पंजाबातील माँटगोमेरी (आताच्या पाकिस्तानातील साहिवाल) जिल्ह्यातील ओसाड जमीन खंडाने घेऊन, कालव्याचे पाणी पंपांनी वर चढवून त्यांनी ती पिकाखाली आणली आणि त्या उत्पन्नातला मोठा वाटा धर्मकार्य मानून विधवांचे पुनर्विवाह, आश्रम व रुग्णालय यांसाठी खर्च केला, ही बाजू आम्हांला अधिक मोलाची वाटते. आपल्याकडील महर्षी कर्वे यांच्या कार्याशेजारी ठेवून ती अवश्य अभ्यासावी. १९२७ मध्ये लंडनला निधन झाल्यावर त्यांच्या अस्थींचा काही भाग गंगेत विसर्जित झाला, तर उरलेल्या अस्थींवर लाहोरला समाधी बांधली गेली. फाळणीनंतर कुटुंबीयांनी हा वारसा दिल्लीतील रुग्णालयाच्या रूपाने पुढे नेला.

बोलू इच्छिणाऱ्या सभासदांनी ५ जुलैपर्यंत कार्यवाहांकडे नाव नोंदवावे आणि शक्यतो सहकुटुंब यावे, ही विनंती.