अधिकार आहे, वापरतंय कोण?

संपादक महोदय,
कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची वाढवण्यावरचा आपल्या पेपरमधला लेख वाचला, त्यात 'पाणी हा राज्यांचा विषय, केंद्र काय करणार' असं म्हटलंय ते काही पटलं नाही. पाणी राज्यघटनेतल्या राज्यसूचीत १७ नंबरला आहे हे बरोबर, पण तिथंच लिहिलंय की ते केंद्रसूचीतल्या ५६ व्या नोंदीच्या अधीन, म्हणजे आंतरराज्य नद्यांचं नियमन संसदेनं ठरवलं तर केंद्राच्या हातात. त्यासाठी १९५६ साली नदी मंडळ कायदाही झाला, आणि त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेलं नाही! कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादाचं म्हणाल तर त्याचा २०१० चा निवाडा सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या आदेशामुळं राजपत्रात आलेला नाही, तो भाग मान्य. पण मंडळ नेमायला कुणी अडवलंय?

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आमच्या जिन्याच्या भिंतीवर गाळाची रेघ अजून आहे, दोनदा चुना मारूनही दिसते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ३५६ कलम लावून राज्यात राष्ट्रपती राजवट आली आणि २३ तारखेला पहाटे उठलीसुद्धा, सांगली झोपेत होती तेव्हा. तिथं एवढी चपळाई, मग महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र यांना एका टेबलावर बसवणारं मंडळ नेमायला ६५-७० वर्षं कशी लागतात? अलमट्टीमुळं पाणी तुंबतं की नाही हेही तिथंच आकडे ठेवून ठरू दे.

- एक वाचक, सांगली