पिकअपला सपाट झाकण नको, कमानीचा हूड हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत पिकअपच्या हौद्यावर बसवायच्या कव्हरांवर पानभर मजकूर आला होता. गुंडाळीचं, तीन घड्यांचं, एकसंध कडक झाकणाचं, शटरसारखं सरकणारं, अशी सगळी चित्रं आणि प्रत्येकापुढे तारे. मी आळेफाट्याला ताडपत्र्या आणि हूड, म्हणजे हौद्यावर कमानींवर टाकायचं कापडी छत, शिवतो. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन्ही रस्ते इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे जुन्नर, संगमनेर, पारनेरकडची पिकअप एकदा तरी माझ्या दुकानापुढून जातेच. ताडपत्रीवाला ताडपत्रीचीच बाजू घेणार, असं वाचकांना वाटेल. वाटू द्या. पण त्या पानावर एकाही गाडीच्या हौद्यात माल नव्हता, म्हणून हे लिहितो आहे.

ती चारही कव्हरं वाईट नाहीत. ती जिथली आहेत तिथे शोभतात. अमेरिकेत पिकअप ही घरची गाडी असते. हौद्यात सुताराची हत्यारं, किराणा, कुत्र्याचा पिंजरा, सुट्टीचं सामान. सगळं फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या कडेच्या पाडता येणाऱ्या भिंतीच्या, उंचीच्या आत. तिथे सपाट झाकण बरोबरच आहे. त्यातही निवड करायची तर गुंडाळीचं कापडी कव्हर स्वस्त आणि हलकं, पण सुरी चालवली की उघडलं. घडीचं ॲल्युमिनियमचं मजबूत, पण दुमडून केबिनला टेकवलं तरी घड्यांचा गठ्ठा मागच्या काचेसमोर उभा राहतो. सरकणाऱ्या शटरवाल्याची पेटी केबिनमागे हौद्यातच बसते आणि तेवढी जागा कायमची जाते. एकसंध कडक झाकण दिसायला सगळ्यात देखणं, मात्र एखाद दिवशी उंच कपाट न्यायचं झालं तर आधी चार माणसं बोलावून झाकण उतरवा. आणि या सगळ्यांत एक गोष्ट आपल्या लेखात राहिली. मागच्या फाळक्याला कुलूप नसेल तर झाकणाच्या कुलपाला काही अर्थ नाही. फाळका पाडला की हात आत.

आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. आपल्या पिकअपचा माल फाळका संपतो तिथून खरा वर चढतो. नारायणगावहून टोमॅटो भरलेली गाडी बघा. वीस किलोचं प्लास्टिकचं एक कॅरेट, असे थरावर थर, केबिनच्या टपापर्यंत. कोथिंबिरीच्या जुड्यांचा ढीग तर त्याच्याही वर. सपाट झाकण त्यावर ठेवणार कुठे? छोटा हत्ती असो, बोलेरो असो, दोस्त असो, या गाड्यांचा हौदा म्हणजे नुसता पाया. मालाचं घर त्यावर दर फेरीला नवं बांधायचं असतं.

मागे डबल केबिनच्या मोठ्या पिकअपचे एक मालक पुण्याहून आले. त्यांना बाहेरदेशी मिळतं तसं गुंडाळीचं कव्हर शिवून हवं होतं. पीव्हीसी कापड घेतलं, आडव्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घातल्या, कडेला चिकटपट्टी (वेल्क्रो) लावली. काम नीट झालं, त्यांच्या बंगल्याच्या आवारात ते छानही दिसलं असेल. पुढे ते शेताच्या कच्च्या रस्त्याला लागले. आपली धूळ त्या चिकटपट्टीच्या केसांत बसली की ती धरत नाही. मग त्यांनी दोन्ही बाजूंना बकल आणि पट्टे मारून घेतले. तेव्हा असं कव्हर कुणी घेणारच असेल तर कडा कशानं धरल्या आहेत ते आधी बघावं. कापडाचा रंग मागाहून.

आता पाणी. एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचलं तर त्याचं वजन दहा किलो होतं. सपाट ताणलेल्या ताडपत्रीला मधे जरा झोळ आला की पाणी तिथेच जमतं, झोळ वाढतो, आणखी जमतं. थोड्या वेळात वरच्या थरातल्या टोमॅटोवर माणूस बसल्यासारखा भार येतो. म्हणून कमानी. लोखंडी पाइप वाकवून केलेल्या, मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत्या, वर लांबीत दोन आडवे पाइप. ताडपत्री मालावर न टेकता कमानीवर टेकते, पाणी वाहून जातं आणि माल व कापड यांच्यामध्ये हवा खेळते. ही हवाच खरी महत्त्वाची आहे. त्याकडे पुढे येतो.

कापडाची निवड तारे देऊन होत नाही, हात लावून होते. बाजारात मिळणारी निळी-काळी विणलेली प्लास्टिकची ताडपत्री सगळ्यात स्वस्त. बारा बाय अठरा फुटांची, दोनशे जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला दोनशे ग्रॅम) घेतली तर जेमतेम चार किलो भरते, एकटा ड्रायव्हर टपावर चढून टाकू शकतो. पण ती उन्हानं मरते. आधी घड्यांवर चिरते, मग रिंगा उपटतात. घेताना कडेच्या दुमडीत दोरी घातलेली आहे का ते चाचपून बघा. नुसत्या कापडाला रिंग ठोकलेली असेल तर माळशेज उतरेपर्यंतही टिकणार नाही. कापडी कॅनव्हास ही आमच्या वडिलांच्या पिढीची ताडपत्री. सुताला पाणी लागलं की सूत फुगतं आणि विणीची भोकं मिटतात, कोरड्यात पुन्हा श्वास घेतं. मला अजून तीच आवडते. पण ओली झाली की दोघांनी उचलावी लागते, आणि ओलीच घडी करून ठेवली तर चार दिवसांत बुरशी धरते. आजच्या ड्रायव्हरला ती वाळवायला ना जागा आहे ना वेळ. पीव्हीसीचं जाड कापड त्याच मापात, सहाशे जीएसएमचं, बारा किलोच्या आसपास जातं. दमदार, धुता येणारं. त्याचे जोड मात्र गरम हवेनं चिकटवलेले असावेत. शिवलेले असतील तर सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट, आणि हे मी शिलाईवर पोट भरणारा माणूस सांगतो आहे.

मग घ्यायचं काय? मालाला विचारावं. पालेभाजी तोडल्यावरही श्वास घेत असते आणि त्यातून ऊब निघते. कोथिंबीर-मेथीचा ढीग चारी बाजूंनी पीव्हीसीनं चापून बांधला तर मधल्या जुड्या वाफ धरतात. वाशीच्या बाजारात पहाटे गाडी उघडली की वरची जुडी हिरवीगार आणि आतली पिवळी. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो तो त्यासाठीच, आणि भाव आतल्या जुडीचा लावतो. पालेभाजीच्या गाडीला मी छताला पक्कं कापड, दोन्ही बाजूंना वरच्या अर्ध्या भागात शेडनेट आणि त्यावर गुंडाळून ठेवता येणारा झाप असा हूड शिवतो. ओतूर, मढ ओलांडेपर्यंत झाप वर. घाट आला की खाली. माळशेजला पावसाळ्यात वारा दरीतून वर उसळतो, पाणी खालूनही येतं, त्यामुळे झापाची खालची कड फाळक्याच्या आत नाही, बाहेरून दोन वीत तरी खाली यावी लागते. टोकावड्याला उतरलं की पुन्हा झाप वर. आळशी ड्रायव्हर असेल तर हा हूड त्याच्या कामाचा नाही, हे मी मालकाला तोंडावर सांगतो.

कांद्याला याहून जास्त हवा लागते, पण पाण्याचा थेंबही नको. झेंडूला भिजलं की पाकळ्या काळ्या पडतात, म्हणून दसऱ्याच्या आसपास परतीच्या पावसाचा भरवसा नसताना फुलांच्या गाडीचं छत गळकं चालत नाही. टोमॅटो त्यातल्या त्यात सोशिक. कॅरेटला भोकं असतात, त्याला कमानीवरची साधी ताडपत्री पुरते. खडी, राडारोडा नेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तिथे माल वाचवायचा नसतो, मागच्या माणसाचे डोळे वाचवायचे असतात. मुंबई महापालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा प्रदूषणासाठी जे नियम काढले त्यात राडारोड्याची गाडी झाकलेली असावी हे कलम आहेच. त्याला जाड पण स्वस्त कापड घ्या, कारण खडी काहीही फाडते.

पुरवणीत शेवटी एक वाक्य होतं की भविष्य बंद कंटेनरचं आहे. औषधं, कपडे, कुरिअरची खोकी यांना आहे, कबूल. पण कंटेनरचं वजन कुणीतरी मोजायला हवं. गाडीचं मालासह एकूण वजन आरसीत, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात, ठरलेलं असतं, ते वाढत नाही. पत्र्याचा डबा बसवला की रिकाम्या गाडीचं वजन वाढतं आणि तेवढाच माल कमी भरावा लागतो. दर फेरीला काही कॅरेट कमी, वर्षभर. शिवाय साधा, थंड न केलेला डबा दुपारी वाशीच्या गेटवर उन्हात उभा राहिला की आतल्या भाजीचं काय होतं ते तिथल्या कुठल्याही हमालाला विचारा.

कंटेनरची एक बाजू खरी आहे, कुलपाची. २०२३ च्या जुलैमध्ये नारायणगावात टोमॅटोच्या कॅरेटनं दोन हजारांच्या वर मजल मारली तेव्हा मला ती कळली. एरवी टोमॅटो रस्त्यावर ओतावे लागतात तेव्हा चोर फिरकत नाही. त्या महिन्यात मात्र प्रत्येक जण कुलूपबंद हूड मागत होता. त्यावर जुना उपाय आहे. हूडच्या कडेला फाळक्यावरच्या कड्या आणि ताडपत्रीच्या रिंगा एकाआड एक बसवायच्या, सगळ्यांतून प्लास्टिकचं वेष्टण असलेली एकच पोलादी तार ओवायची, दोन्ही टोकं मागे आणून एक कुलूप. कापड फाडता येतंच, पण फाडलेलं लगेच दिसतं, आणि चहाला थांबलेल्या ड्रायव्हरच्या नकळत दोरी सोडून दोन कॅरेट काढून पुन्हा तशीच गाठ मारता येत नाही. हात मारणाऱ्यांची बहुतेक कामं याच पद्धतीची असतात.

आता एक तक्रार आपल्याकडे. त्या पानावरच्या एका छायाचित्रात गाडीची ताडपत्री मागे इतकी लोंबते आहे की एक दिवा आणि अर्धी नंबरप्लेट झाकली गेली आहे. असा फोटो छापू नये. मालवाहू गाडीला मागे लाल, बाजूला पिवळी चमकपट्टी लावायची सक्ती उगाच नाही. रात्री घाटात बंद पडलेली पिकअप मागच्याला दिसते ती त्या पट्टीमुळे. ताडपत्री तिच्यावर आली की पट्टी असून नसल्यासारखी. मागचा झाप दिव्यांच्या वरच कापावा, आणि खाली चमकपट्टी झापावरच शिवून घ्यावी. त्याचे मी वेगळे पैसे घेत नाही. दोरीची उरलेली शेपटंही लोंबती सोडू नयेत. दुचाकीच्या चाकात गेलेली दोरी मी माझ्या दुकानापुढेच पाहिली आहे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं ते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. ‘ओपन बॉडी’ लिहिलेल्या गाडीवर पत्र्याचा डबा बसवला तर तो नोंदवलाच पाहिजे, यात वाद नाही. पण कमानीचं काय? माझ्या कमानी वेल्डिंग केलेल्या नसतात. फाळक्याला नळ्या बोल्टनं बसवायच्या, त्यात कमानीचे पाय उतरवायचे, पिना घालायच्या. पिना काढल्या की दोन माणसं चहा थंड व्हायच्या आत हौदा मोकळा करतात. तरीही आरटीओच्या पासिंगला एके ठिकाणी ही गाडी बिनबोभाट पास होते, दुसरीकडे ‘बॉडी बदलली’ म्हणून परत पाठवतात, आणि वाटेतल्या तपासणीला तिसराच अर्थ निघतो. त्याच कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं माल ठरलेल्या लांबी-रुंदी-उंचीबाहेर गेला तर वीस हजारांचा दंड आला. दंडाला माझा विरोध नाही. कमानी असल्या की उलट माल बाजूला कलत नाही. पण उंची कमानीपासून मोजायची की मालापासून, हे ड्रायव्हरला रात्री दोन वाजता हुज्जत घालून ठरवावं लागू नये.

परिवहन विभागानं उतरवता येणाऱ्या कमानीचा एक साधा नमुना ठरवून द्यावा. पाइपची जाडी, जास्तीत जास्त उंची, बोल्ट किती, मागचा झाप कुठपर्यंत, चमकपट्टी कुठे. एका पानाचं परिपत्रक पुरेल, सोबत एक आकृती. ते पावसाळ्यानंतर नको, एप्रिलमध्ये निघावं, कारण मे महिन्यात आमच्याकडे हूड शिवायला रांग लागते आणि तेव्हाच लोक जुने पाइप बदलून घेतात. आकृती काढायला कुणी नसेल तर माझ्याकडच्या मापांची वही मी पाठवून देईन.

कळावे,
आपला एक वाचक, ताडपत्री व हूड शिवणारा
आळेफाटा, ता. जुन्नर, जि. पुणे
(नाव आणि पत्ता संपादकांसाठी स्वतंत्र चिठ्ठीवर दिला आहे, छापू नये.)