काळ्या पुठ्ठ्याच्या तुकड्याबद्दल

ताई,

समोर सांगायला गेले असते तर तुम्ही "अगं, त्यात काय" म्हणून विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

तुम्ही आलात तेव्हा माझी अकरावी फिल्म तयार होती. काचेवर आयटीओ हा वीज वाहणारा पारदर्शक थर, त्यावर एमईएच-पीपीव्ही या पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाचा, जेमतेम १०० नॅनोमीटरचा केशरी थर आणि वर अ‍ॅल्युमिनियम. एवढ्या पातळ थरावर १० व्होल्ट लावले की आत सेंटीमीटरला १० लाख व्होल्टचं क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात पॉलिमरचं प्रकाशशोषण किती बदलतं, एवढंच मला मोजायचं होतं. बदल असतो दहा हजारात एखादा भाग. तो लॉक-इनशिवाय, म्हणजे ठरावीक वारंवारतेने बदलणारा सिग्नलच तेवढा टिपणाऱ्या यंत्राशिवाय, सापडत नाही, आणि लॉक-इन तर नको तेही इमानेइतबारे शोधून देतो.

माझा आलेख दिसायला देखणा होता. जिथे पॉलिमर सर्वात जास्त प्रकाश शोषतो, नेमकं तिथेच शिखर! ते पाहून एका वरिष्ठांनी मान वर न करता सांगितलं, "शिखर आलंय ना? मग लिहायला घे." दुसऱ्यांना सगळा दोष फिल्मचा वाटला, माझ्या अकरा फिल्म ही त्यांची कृपा. दोघांपैकी एकही जण त्या काळोख्या खोलीत दहा मिनिटं बसला नाही. राग अजून गेलेला नाही, हे मोकळेपणाने सांगते.

तुम्ही फक्त पेचकस मागायला आला होतात. आलेखाकडे बघून एकच प्रश्न विचारलात, "व्होल्टेज दुप्पट केलं की सिग्नल किती होतो?" मी अभिमानाने म्हणाले, "बरोब्बर दुप्पट!"

तुम्ही हसला नाहीत. हातातल्या डायरीचं काळं मलपृष्ठ टर्रकन फाडलंत, माझ्या हातात दिलंत, "हे दिव्यापुढे धर" म्हणालात आणि पाठ फिरवून कपाटात पेचकस शोधू लागलात. पेचकस टेबलावरच होता. तुम्हालाही तो दिसत होता.

मी पुठ्ठा धरला. प्रकाश बंद झाला. लॉक-इनवरचा आकडा ढिम्म हलला नाही.

तीन महिने मी जे मोजत होते, त्यात प्रकाश नव्हताच. फिल्मला व्होल्टेज देणारी वायर डिटेक्टरच्या केबलला खेटून गेली होती, आणि मी एका वायरचं दुसरीत झिरपणं मोजत होते. तो आकडा सगळ्या तरंगलांबींना सारखाच. पण मी त्याला फिल्ममधून अ‍ॅल्युमिनियमवर आपटून परतून येणाऱ्या प्रकाशाने भागत होते, आणि जिथे शोषण जास्त तिथे परतणारा प्रकाश कमी, म्हणून भागाकार मोठा. माझं देखणं शिखर म्हणजे एवढा भागाकार.

हे तुम्हाला "दुप्पट" ऐकताक्षणीच कळलं होतं. तरी ते मला माझ्या हाताने सापडू दिलंत, आणि सापडताना माझा चेहरा बघायला थांबला नाहीत. चूक दाखवणारे पुष्कळ भेटतात. पाठ फिरवण्याचं सौजन्य असलेलं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

मग खुर्ची ओढून तुम्ही सांगितलंत की पॉलिमरच्या या साखळीला डावं-उजवं कळत नाही. क्षेत्र इकडून लावा की तिकडून, शोषण सारखंच बदलतं, म्हणून उलटसुलट होणाऱ्या क्षेत्राच्या एका फेऱ्यात दोनदा बदलतं. लॉक-इन दुप्पट वारंवारतेवर लावायचा, आणि व्होल्टेज दुप्पट केलं तर खरा सिग्नल चौपट व्हायला हवा. १९१३ साली भौतिकशास्त्रज्ञ स्टार्क यांनी विद्युतक्षेत्रात हायड्रोजनच्या रेषा फुटताना दाखवल्या, तो परिणाम मी परीक्षेसाठी पाठ केला होता. फेऱ्यात दोनदा म्हणजे काय, हे त्या खुर्चीपाशी उमगलं.

वायरी वेगळ्या केल्या. आता आलेखात शिखर नाही. लाल बाजूला शोषण वाढतं आणि निळ्या बाजूला घटतं, जणू अख्खा पट्टा केसभर लालकडे सरकलाय. उत्तेजित अवस्था मूळ अवस्थेपेक्षा क्षेत्रात जास्त ताणली जाते, तिची ऊर्जा अधिक उतरते, त्याची ही खूण. आणि त्याहून वरच्या ऊर्जेला एक बारीकसा उंचवटा आहे. साध्या शोषणाच्या आलेखात तिथे काहीच दिसत नाही. एका फोटॉनला एरवी मज्जाव असलेली अवस्था क्षेत्रामुळे किंचित उघडते, ती ही. पहिल्यांदा दिसला तेव्हा रात्री दीड वाजता मी पुन्हा पुठ्ठा धरला. आकडा शून्यावर आला. काढला, परत आला. उगाचच सात-आठ वेळा केलं.

पुठ्ठा आता दिव्याच्या पेटीला चिकटवलाय. तुमच्या डायरीची शेवटची पानं एव्हाना दुमडली असतील, म्हणून काळ्या पुठ्ठ्याची नवी डायरी आणून ठेवलीय. पेचकसही टेबलावरच आहे.

तुमची,
अकरा फिल्मवाली